जुन्या घराच्या सागवानातून टकळी आणि क्रोशाची सुई कशी करायची

आमच्याकडे थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, आणि काड्या लवकर जळून जातात म्हणून कोणीतरी घरून दोनचार लाकडं पण आणतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पार्टीत गावातल्या पाडलेल्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराचं लाकूड आलं होतं आणि त्यातला एक हातभर तुकडा मी जाळातून बाजूला ओढला. वरून काळाकुट्ट, धुरानं माखलेला, एका टोकाला खिळा. घरी येऊन करवतीनं टोक कापलं तर आतून गुळाच्या रंगाचं, तंतूंच्या रेषा एकदम सरळ, आणि सागाचा तो ओळखीचा तेलकट वास. त्या एका तुकड्यातून माझ्या तीन टकळ्यांच्या (हातानं सूत कातायच्या) चकत्या निघाल्या. त्यातली एक आज पण रोज हातात असते.

तेव्हापासून मैत्रिणी विचारतात की कसं केलं, कुठून लाकूड आणलं, मशीन लागतं का. म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते. मी सुतार नाही, लोकरीचं विणकाम करणारी आहे, गल्लीतल्या एका म्हाताऱ्या सुतार आबांकडे बसून बसून हे शिकले. त्यामुळे ज्यांनी कधी रंधा हातात धरला नाही त्यांना पण जमेल असंच सांगते.

आधी लाकडाचं. धुळे, जळगाव, नंदुरबार कुठेही जा, मातीची धाब्याची घरं पाडून स्लॅबची बांधणं चालूच आहे. त्यातल्या मोठ्या तुळया आणि खांब वखारवाले उचलतात, चौकटी-दारं पण विकली जातात, पण हात-दीड हाताचे तुकडे, तुटलेल्या पट्ट्या, खुंट्या, हे कोणालाच नको असतं, ते सरळ चुलीत जातं. आपल्याला नेमकं तेवढंच लागतं! टकळीला तळहाताएवढा तुकडा आणि एक सरळ काडी, क्रोशाच्या सुईला वीतभर पट्टी. शिवाय हे लाकूड पन्नास-साठ वर्षं धाब्याखाली वाळलेलं असतं, त्याला जे वाकायचं, तडकायचं ते सगळं होऊन गेलेलं असतं. ओल्या लाकडाची चकती करून ठेवली तर उन्हाळ्यात ती अंडाकृती होते, भोक पण वाकडं होतं, जुन्यात हा त्रास फारच कमी.

सागाशिवाय अजून काय बघायचं ते सांगते. तुटलेल्या बैलगाडीच्या चाकाचे आरे बाभळीचे असतात, एकदम टणक, आणि सुतारानं आरा करतानाच सरळ रेषेचं लाकूड निवडलेलं असतं, त्यामुळे टकळीच्या दांडीला आणि क्रोशाच्या सुईला याच्यासारखं लाकूड नाही. जुन्या कपाटाचं किंवा पलंगाचं शिसम मिळालं तर सोडू नका. घरातलं तडकलेलं लाटणं पण टाकू नका, त्यातून दांडी निघते. एमआयडीसीच्या बाहेर भंगारात पॅलेट मिळतात, बाहेरून माल येतो ते पॅलेट बहुतेक पाईनचे असतात, त्यावर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि बाजूला इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. एचटी असेल तर लाकूड गरम करून कीड मारलेलं आहे, म्हणजे आतपर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाईल ब्रोमाईड वायूची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका, ज्या वस्तू दिवसभर हातात राहणार त्यासाठी तर अजिबात नको. आणि पाईन मऊ असतं, त्याची सूत गुंडाळून लडी करायची चौकट होते, सुई होत नाही.

वखारीतून किंवा भंगारवाल्याकडून घेतलं तर पावती मागून घ्या. सातपुड्यातून येताना रस्त्याकडेची सागाची फांदी उचलून आणणं वगैरे प्रकार करू नका, ते जंगलखात्याचं लाकूड आहे आणि तसं पण ओलं असतं, काही कामाचं नाही.

आता घरी आणल्यावर लगेच करवत लावायची नाही. आबा अहिराणीत म्हणायचे, "लाकूडले पहिले देख, मंग करवत लाव." हे बघणं म्हणजे तीन गोष्टी.

एक, लोखंड. जुन्या लाकडात खिळे तुटून आत राहिलेले असतात, वरून दिसत नाहीत. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सगळ्या बाजूंनी फिरवा, जिथे ओढल्यासारखं वाटेल तिथे खडूनं खूण करा. सागात लोखंडाभोवती काळा डाग पडतो, तो पण खूणच आहे. माझा पहिलाच ड्रिलचा बिट असल्या खिळ्यावर मोडला, तुकडा उडून चष्म्यावर लागला, चष्मा नसता तर डोळाच गेला असता, म्हणून चष्मा किंवा गॉगल घातल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही.

दोन, कीड. टाचणीएवढी भोकं दिसली आणि लाकूड फरशीवर आपटलं की त्यातून पिठासारखा बारीक भुसा पडला तर आत घुण जिवंत आहे. असं लाकूड घरात आणू नका, बाकीच्या फर्निचरला लागतं. भोकं जुनी असतील आणि काहीच पडत नसेल तरी तेवढा भाग कापून टाका.

तीन, रंग. जुन्या दारा-खिडक्यांना निळा-हिरवा ऑईल पेंट असतो. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आली २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल सांगता येत नाही. असा रंग पॉलिश पेपरनं घासू नका, ती धूळ लहान मुलांना फार वाईट. रंगाचा भाग करवतीनं सरळ कापून बाजूला करा, आणि ते पण अंगणात, खाली पेपर अंथरून. ते तुकडे चुलीत पण घालू नका.

धुळीचं अजून एक. साधी लाकडाची धूळ पण निरुपद्रवी नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेनं तिला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय, आणि सागाच्या भुशानं काही जणांच्या अंगाला खाज सुटते. एन-९५ मास्क लावा, ओढणी बांधून भागत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. बारीक दात्यांची करवत, एक सी क्लॅम्प, एक लाकडाची कानस आणि एक तिधारी कानस, धारदार चाकू, ड्रिल मशीन आणि ८ एमएमचा बिट, पॉलिश पेपर ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचे. लहान रंधा असला तर छान. ड्रिल नसेल तर कोपऱ्यावरच्या सुतारदादांकडून एक भोक पाडून आणा, बाकी सगळं हातानं होतं.

चला, टकळी करू. टकळी म्हणजे दांडी आणि चकती, बस. पण या दोन गोष्टी एकमेकींना काटकोनात आणि बरोबर मधोमध बसल्या तरच ती फिरते, नाहीतर दोन गिरक्यांत डुलायला लागते.

चकतीसाठी सागाचा १२ एमएम जाडीचा, ८ सेंटीमीटर चौरस तुकडा काढा. गाठ नसलेला. आता इथे सगळे नवीन लोक एकच चूक करतात, मी पण केली, आधी सुंदर गोल कापायचा आणि मग मध्यभाग शोधून भोक पाडायचं. भोक अर्धा एमएम जरी सरकलं तरी सगळी मेहनत वाया. म्हणून उलटं करा. आधी चौकोनाचे कर्ण काढा, जिथे छेदतात तिथे खिळ्यानं खळगा करा, खाली टाकाऊ लाकूड ठेवून क्लॅम्प लावा म्हणजे मागची बाजू फुटत नाही, आणि ८ एमएमचं भोक पाडा. ड्रिल उभं आहे की नाही ते बघायला शेजारी गुण्या (सुताराचं काटकोन बघायचं माप) उभा करा आणि कोणाला तरी बाजूनं बघायला सांगा. भोक पडल्यावर कंपासचं टोक त्या भोकाच्या मधोमध येईल असं करून, म्हणजे भोकात काडी ठोकून तिच्या मध्यावर टोक ठेवून, ७ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. भोक थोडं इकडेतिकडे पडलेलं असलं तरी आता काही बिघडत नाही, कारण गोल त्याच्याभोवतीच आहे.

मग करवतीनं चारी कोपरे कापा, अठकोनी होईल, परत कोपरे कापा, आणि उरलेलं कानशीनं. कानस रेषेच्या दिशेनं उतारावर चालवा, उलट मारली की सागाचे तंतू उपटून येतात. कड एकदम चौकोनी ठेवू नका, हाताला लागते, थोडी गोलाई द्या.

दांडी आता. ही कापायची नाही, फोडायची. करवत लाकडाची रेष बघत नाही, ती सरळ चालते आणि रेष मध्येच कापली जाते, मग तिथेच दांडी मोडते. कोयता लाकडाच्या टोकावर ठेवून वरून हलक्या हातानं ठोका, लाकूड आपल्या रेषेनंच फाटतं. बाभळीच्या आऱ्यातून ३० सेंटीमीटर लांब, बोटभर जाड अशी चीप काढा. फाटताना ती पिळलेली निघाली तर लाकूडच पिळाचं आहे, ती बाजूला ठेवा, दुसरी काढा. चांगली निघाली की आधी चौकोनी करा, मग चाकूनं चारी कडा उतरवून अठकोनी, मग त्या पण उतरवा, मग गोल. सरळ गोल करायला गेलं की कुठे बारीक कुठे जाड होतं, कोनाकोनानं गेलं की हात चुकत नाही. मधेमधे ओट्याच्या कडप्प्यावर लोळवून बघायची, खाली उजेडाची फट दिसली की तिथे पोक आहे, तेवढंच घासायचं.

शेवटी दांडी खालून वर निमुळती व्हायला हवी, खालच्या बाजूला साडेआठ एमएमच्या आसपास आणि वरच्या टोकाला ६. म्हणजे चकती वरून घातली की घसरत खाली येते आणि खालच्या टोकापासून पाचेक सेंटीमीटरवर घट्ट बसते. गोंद लावू नका. फेव्हिकॉल लावून पक्की केली की दांडी मोडल्यावर चकती पण जाते. घट्ट बसत नसेल तर तिथे दोऱ्याचे दोन वेढे घ्या आणि मग दाबा. खालचं टोक भोवऱ्याच्या आरीसारखं बारीक करा. वरच्या टोकापासून दीड सेंटीमीटर खाली तिधारी कानशीनं तिरकी खाच पाडा, त्यात सूत अडकतं. खाचेच्या कडा धारदार ठेवल्या तर त्याच सूत कापतात, म्हणून ४०० नंबरचा पेपर दुमडून आतून फिरवा.

आता तोल. स्टीलच्या वाटीत टोक टेकवून बोटांनी गिरकी द्या. डुलत असेल तर फिरत असतानाच पेन्सिल हळूहळू चकतीच्या कडेजवळ न्या, जो भाग बाहेर येतोय तिथेच पेन्सिल लागेल. थांबवा, तिथे कानशीचे दोन हात मारा, परत फिरवा. माझ्या पहिल्या टकळीला हे पंधरा-वीस वेळा करावं लागलं, कंटाळा करू नका, यातच टकळीचा जीव आहे.

वजन काट्यावर बघा. या मापाची सागाची चकती तीसेक ग्रॅम भरते, दांडी धरून ४० च्या आसपास, नवशिक्यांसाठी आणि आपल्या जाड देशी लोकरीसाठी हे बरोबर आहे. तीच चकती बाभळीची केली तर पाच-सात ग्रॅमनं जड होते. बारीक सूत काढायचं असेल तर २५ पर्यंत उतरवा, जड टकळीनं बारीक सूत ओढलं जाऊन तुटत राहतं. आणि वजन कडेला जास्त असलं तर टकळी जास्त वेळ फिरते, म्हणून हलकी करायची झाली तर मधून खोल करा, कड तशीच ठेवा.

घासण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण दुकानातल्या स्वस्त सुयांत आणि घरच्या चांगल्या सुईत फरक इथेच पडतो. ८०, १२०, २२० असं क्रमानं, रेषेच्या दिशेनंच. २२० झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसा. पाणी लागलं की दबलेले तंतू उभे राहतात, वाळल्यावर हात फिरवला तर कोरडं खरखरीत लागतं. मग ४०० नं हलकं घासा. असं दोनदा करा. हात चांगला झाला असं सांगतो, पण हातावर विश्वास ठेवू नका, लोकरीला विचारा. थोडी मोकळी लोकर घेऊन दांडीवरून, कडेवरून, खाचेतून ओढा. एक तंतू जरी अडकला तरी तिथे परत पेपर.

मग तेल. शेंगदाणा तेल, खोबरेल, घरातलं कुठलंही खायचं तेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट होतं, लोकरीला डाग पडतात आणि पावसाळ्यात खवट वास येतो. जवसाचं तेल लावा, ते हवेनं खरोखर वाळतं. अगदी पातळ हात, फडक्यानं चोळून, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, परत एक हात. असे तीन हात पुरतात. कच्चं जवस तेल असेल तर आठवडा लागतो, घाई करू नका. शेवटी मधमाशीचं मेण थोडं चोळून कोरड्या फडक्यानं चमकवा.

आणि आता लक्ष देऊन वाचा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं, फडकं चुरगळलेलं असलं की ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता ते पेट घेतं. मागच्या मे महिन्यात, आमच्याकडे पारा ४४ च्या वर, मी दोन फडकी प्लॅस्टिकच्या टबात टाकून गच्चीवर विसरले. संध्याकाळी जळका वास आला म्हणून वर गेले तर टबाचा तळ वितळला होता आणि फडक्यातून धूर येत होता. शेजारीच कपडे वाळत होते. तेव्हापासून काम झालं की फडकं बादलीभर पाण्यात भिजवते, नाहीतर अंगणात दगडावर एकेरी पसरून वाळवते, कडक झालं की मगच कचऱ्यात.

क्रोशाची सुई याच रीतीनं, फक्त लाकूड सागाचं नको. सागाची छिद्रं मोठी असतात, चकतीला चालतात, पण ६ एमएमच्या सुईत तीच छिद्रं लोकरीला धरतात आणि आकड्याजवळ, म्हणजे टोकाच्या हुकाजवळ, लाकूड तुटतं. बाभूळ किंवा शिसम घ्या, फोडूनच. १५ सेंटीमीटर लांबी पुष्कळ झाली. जाडी मोजायला कॅलिपर लागत नाही, प्लायच्या तुकड्याला ५, ६, ८ एमएमची भोकं पाडून ठेवा, सुई ज्या भोकातून जेमतेम सरकते ती तिची साईज. आकडा सगळ्यात शेवटी. टोकापासून बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावर करवतीनं तिरका छेद घ्या, सुईच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, त्यापेक्षा जास्त नाही. मग चाकूनं खालच्या बाजूनं त्या छेदाकडे उतार काढत आणायचा, एका वेळी नखाएवढी ढलपी. टोक गोल करा, टोकदार नको, टोकदार सुई सुताच्या पोटात घुसते आणि पदर सुटे होतात. अंगठा बसतो तिथे एक चपटी जागा करून ठेवा, तास-दोन तास विणलं तरी बोटं दुखत नाहीत. ही जागा प्रत्येकाची वेगळी, सुई हातात धरून बघा आणि पेन्सिलनं खूण करा.

लडी करायची चौकट सगळ्यात सोपी. मधला दांडा आणि दोन टोकांना दोन आडवे हात, पण दोन्ही हात एकमेकांना काटकोनात, म्हणजे एक पूर्व-पश्चिम असेल तर दुसरा दक्षिण-उत्तर. दोन हातांमधलं अंतर ३५ सेंटीमीटर आणि प्रत्येक हात २० सेंटीमीटर ठेवला की सुताचा एक फेरा दीड मीटरचा पडतो, फेरे मोजले की सूत किती झालं ते कळतं. इथे पॅलेटचं पाईन चालतं. हातांच्या टोकांना थोडी उंच कड ठेवा, फक्त एक टोक बिनकडेचं सोडा, नाहीतर लडी निघत नाही.

लोकर कुठून आणायची हे पण बरेच जण विचारतात. कपाशी निघाली की ठेलारी (मेंढपाळ) लोक मेंढ्या घेऊन शेतात बसतात, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे बरेच असतात, त्यांच्याकडे जाऊन नीट बोला. ही दख्खनी मेंढ्यांची लोकर, काळी-करडी, जाड, घोंगडीची. स्वेटरला टोचते, पण आसन, पिशवी, रग याला एक नंबर, आणि टकळीवर हात बसवायला तर हीच बरी. आणल्यावर कोमट पाण्यात साबण घालून नुसती बुडवून ठेवा, चोळू नका, चोळली की तंतू गुंतून आवळतात, नमदा होतो.

पहिलं सूत जाडबारीक निघेल. टकळी उजवीकडे फिरवा आणि कायम उजवीकडेच, मधेच उलट फिरली की पीळ सुटतो आणि टकळी खाली पडते. सुरुवातीला खाली गोधडी अंथरून बसा, फरशीवर पडून टोक बोथट होतं. झालंच बोथट तर ४०० चा पेपर, एक थेंब जवस तेल, आणि दुसऱ्या दिवशी परत वाटीत फिरवून तोल बघून घ्या.